कारणाच्या रकान्यातला गांजा : १८९३ चा आयोग आणि नशेतून येणाऱ्या वेडाचा हिशेब

१/ सन १८९२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ माणसे दाखल झाली. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, चरस किंवा भांग यांची नोंद होती. म्हणजे साधारण दर सहा रुग्णांमागे एक. पुढे या २२२ नोंदी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांतल्या ९८ टिकल्या. नशा केल्याने माणूस किती वेळा वेडा होतो, या प्रश्नाचा कागदावरच्या आकड्यांमागे जाऊन घेतलेला हा आरंभीचा मोठा शोध होता. त्याची ही हकीकत.

२/ तीन शब्दांचे अर्थ आधी पाहू. तिन्ही पदार्थ एकाच झाडाचे. भांग म्हणजे त्याची पाने, जी घोटून दुधात किंवा पाण्यात पितात. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळेने चिकट झालेले फुलोरे, जे चिलमीत ओढतात. चरस म्हणजे ती राळच. महाशिवरात्रीची भांग आणि बैराग्याची चिलीम समाजाला परिचित होती; त्याचबरोबर गांजेकस माणसाविषयीचा तुच्छतेचा सूरही परिचित होता. मान्यता आणि तिरस्कार शेजारी शेजारी नांदत होते.

३/ युरोपीय वैद्यकाचे लक्ष या झाडाकडे वेधले ते कलकत्त्यात. डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये गांज्याच्या औषधी उपयोगांवर आपले प्रयोग मांडले. पुढे १८४५ मध्ये फ्रेंच वैद्य मोरो द तूर यांनी चरस आणि वेड या विषयावर ग्रंथच लिहिला. नशेतला भ्रम आणि वेड्याचा भ्रम यांत विलक्षण साम्य आहे, तेव्हा एकाच्या अभ्यासातून दुसरा उलगडेल, असे त्यांचे म्हणणे होते. नशा आणि वेड यांची गाठ विज्ञानात अशी बांधली गेली.

४/ राजकारणात ती गाठ आली ती १८९१ मध्ये. हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजा ओढणाऱ्यांनी भरली आहेत, अशा आशयाच्या वृत्तपत्रातील मजकुराकडे मार्क स्टुअर्ट या सभासदाने ब्रिटिश संसदेचे लक्ष वेधले. २ मार्च १८९३ रोजी दारूबंदीचे कट्टर पुरस्कर्ते विल्यम केन यांनी पुन्हा प्रश्न लावून धरला. सरकारला हा विषय टाळता येण्याजोगा नव्हता, कारण गांज्यावर अबकारी कर होता आणि तो कर सरकारच्याच तिजोरीत जात होता.

५/ प्रश्नाची धार इथेच होती. सरकारी परवान्याने विकला जाणारा पदार्थ रयतेला वेड लावत असेल, तर त्या वेडाचा नफा सरकारच खात होते. त्याच वर्षी अफूच्या चौकशीसाठीही स्वतंत्र शाही आयोग नेमला गेला, यावरून वातावरण किती तापले होते ते कळते. ३ जुलै १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने गांजा, चरस आणि भांग यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. इतिहासात तो ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ या नावाने ओळखला जातो.

६/ अध्यक्ष होते पंजाबचे वरिष्ठ अधिकारी मॅकवर्थ यंग. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ओमनी, मध्य प्रांतातून छत्तीसगडचे आयुक्त फ्रेझर आणि कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉक्टर वॉर्डन हे सभासद होते. तीन सभासद हिंदी होते : ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कुंवर हरनाम सिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद.

७/ आयोगाने एकूण १,१९३ साक्षीदारांची मते घेतली. त्यांत मुलकी अधिकारी होते, डॉक्टर होते, वैद्य आणि हकीम होते, मिशनरी आणि मक्तेदारही होते. कलकत्त्यात डॉक्टर कनिंगहॅम यांनी एका माकडाला कित्येक महिने गांज्याचा धूर हुंगवला आणि नंतर शवविच्छेदन करून मेंदू तपासला. त्यात दखल घेण्याजोगी इजा आढळली नाही. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खंडवा आणि मुंबई इलाख्यातील अहमदनगर या भागांतल्या गांज्याच्या शेतीचीही माहिती गोळा झाली.

८/ गांज्याने वेड लागते काय, असे विचारल्यावर असंख्य साक्षीदारांनी होकार दिला. मात्र आपण स्वतः पाहिलेले उदाहरण सांगा, असे म्हणताच बहुतेकांची वाणी अडखळू लागली. कोणी ऐकीव गोष्ट सांगे, कोणी बाजारात ओरडत फिरणाऱ्या फकिराकडे बोट दाखवी, आणि बरेच जण इस्पितळांच्या वार्षिक अहवालांचा हवाला देत. लोकांचा विश्वास अहवालांवर होता. मग अहवालांचा विश्वास कशावर होता, हे पाहणे आयोगाला भाग पडले.

९/ त्या काळी वेड्यांची व्यवस्था १८५८ च्या ३६ व्या कायद्याने होत असे. रस्त्यावर भरकटणारा वेडा दिसला की त्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे हे पोलिसांचे कर्तव्य होते. त्याच्यासोबत एक तक्ता जाई : नाव, वय, जात, धंदा, वेड कधीपासून आणि वेडाचे कारण. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, रत्नागिरी, मध्य प्रांतात नागपूर, जबलपूर, बंगालमध्ये ढाका अशा ठिकाणच्या इस्पितळांत माणूस पोचे तो या कागदासह.

१०/ कारणाचा रकाना बहुधा डॉक्टरच्या हातून भरला जातच नसे. पोलिसाने चार लोकांना विचारून जे लिहिले, तेच इस्पितळाच्या नोंदवहीत उतरे आणि वर्षअखेरीस कोष्टकात बेरजेला जाई. भटक्या माणसाचे नातेवाईक सापडत नसत. त्याच्या झोळीत चिलीम सापडली किंवा तो गांजा ओढतो असे कोणी सांगितले, की कारण मिळाले असे समजून रकाना भरला जाई. घराण्यात वेड आहे काय, फेफरे येते काय, ताप किंवा मार लागला होता काय, हे विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाई.

११/ आयोगाने ही साखळी उलट्या दिशेने चालायचे ठरवले. १८९२ मध्ये गांज्याच्या नावावर नोंदलेले २२२ रुग्ण निवडले गेले आणि प्रत्येकाचे कागद त्याच्या मूळ जिल्ह्यात परत गेले. स्थानिक अधिकाऱ्यांनी गावी जाऊन नातलग आणि शेजारी यांना विचारावे, डॉक्टरांनी रुग्णाचा पूर्वेतिहास पाहावा, आणि मग कारण ठरावे, असा क्रम होता. वसाहतीच्या कारभारात एकेका अनाम रुग्णाची इतकी विचारपूस सहसा होत नसे.

१२/ निष्कर्ष असा निघाला. २२२ पैकी ९८ प्रकरणांतच गांजा, चरस किंवा भांग यांचा वेडाशी संबंध मानण्यास वाजवी आधार होता. हे त्या वर्षाच्या एकूण दाखल रुग्णांच्या ७.३ टक्के. या ९८ पैकी ३७ जणांच्या बाबतीत दुसरेही कारण सोबत होते. केवळ नशेच्या पदार्थावर बोट ठेवता येईल अशी प्रकरणे उरली ६१, म्हणजे ४.५ टक्के. मूळ कोष्टक मात्र १६ टक्क्यांहून अधिक दाखवत होते.

१३/ उरलेल्या १२४ नोंदींत काय होते? कुठे नशेचा पुरावाच नव्हता, तर कुठे नशा होती पण वेड त्याआधीचे होते. हा दुसरा प्रकार विशेष महत्त्वाचा. मन बिघडू लागलेला माणूस पुष्कळदा नशेकडे ओढला जातो. अस्वस्थता शमावी म्हणून चिलीम धरतो. पाहणाऱ्याला आधी चिलीम दिसते, नंतर वेड दिसते, आणि तो पहिल्याला दुसऱ्याचे कारण ठरवतो. कार्य आणि कारण यांची ही अदलाबदल आजही मनोविकारतज्ज्ञांना सतावते.

१४/ आणखी एक गफलत उघड झाली. नशेची धुंदी आणि वेड हे दोन्ही एकाच शब्दाने नोंदले जात. अतिसेवनाने चढलेला उन्माद काही तासांत किंवा दिवसांत उतरतो. पण त्या अवस्थेत पकडलेला माणूस इस्पितळात पोचला की वेडा म्हणून मोजला जाई आणि बरा होऊन बाहेर पडला की बरा झालेला वेडा म्हणून. गांज्यात धोतरा मिसळण्याची चालही काही ठिकाणी होती. आणि धोतरा स्वतःच तीव्र भ्रम निर्माण करतो.

१५/ या हकीकतीचा एवढाच भाग सांगून थांबण्याची प्रथा पडली आहे : गांज्यावरील आरोप खोटा ठरला, असे म्हणून मोकळे होण्याची. आयोगाने तसे म्हटले नाही. आजवर या पदार्थांचा दोष फार फुगवून सांगितला गेला, मर्यादित सेवनाने मनाला अपाय होत असल्याचे दिसत नाही, पण अतिसेवनाने कधी कधी वेड लागते याविषयी शंका उरत नाही, असा त्याच्या निर्णयाचा आशय होता. ज्याचे मन मुळात दुबळे किंवा ज्याच्या घराण्यात वेड, त्याला धोका अधिक, असेही त्याने नोंदवले.

१६/ १८९४ मध्ये अहवाल सादर झाला. संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि हिताचीही नाही, असे बहुमताचे मत होते. लागवड परवान्याखाली ठरावीक भागात आणावी, कर पुरेसा असावा, दुकाने कमी करावी, जवळ बाळगण्याच्या मालावर मर्यादा घालावी, अशा शिफारशी होत्या. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सभासदांनी भिन्नमत पत्रिका जोडल्या. म्हणजे एकाच पुराव्यावरून सात माणसेही एकमताला आली नाहीत.

१७/ आयोगाच्या हिशेबालाही मर्यादा होती. १८९१ च्या जनगणनेनुसार ब्रिटिश अमलाखालील मुलखाची वस्ती सुमारे २२ कोटी. एवढ्या लोकसंख्येतून वर्षाला १,३४४ माणसेच इस्पितळात जात, म्हणजे बहुसंख्य मनोरुग्ण घरीच, देवळापाशी किंवा रस्त्यावर राहत. शिवाय ‘इस्पितळातील वेड्यांपैकी किती गांजेकस’ आणि ‘गांजेकसांपैकी किती वेडे होतात’ हे दोन वेगळे प्रश्न. आयोगाने पहिल्याचे उत्तर शक्य तितके शुद्ध केले. दुसऱ्यासाठी निरोगी माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते, आणि तशी साधने तेव्हा नव्हती.

१८/ हिंदुस्थानात तपासून कमी झालेला आकडा दुसऱ्या देशात न तपासता पुन्हा फुगला. कैरोच्या अब्बासिया वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख जॉन वॉर्नॉक यांनी १९०३ मध्ये चरसजन्य वेडावर लेख लिहिला. त्यांचा आधारही इस्पितळात आलेल्या रुग्णांचाच होता. पुढे १९२४-२५ मध्ये जिनिव्हाच्या अफू परिषदेत इजिप्तचे प्रतिनिधी मोहम्मद एल गिंदी यांनी आपल्या देशातील ३० ते ६० टक्के वेड चरसामुळे आहे, असे सांगितले.

१९/ तीसपासून साठपर्यंत पसरलेला आकडा हा मोजणीचा आकडा नसतो, तो अंदाज असतो. तरीही परिषदेवर त्याचा प्रभाव पडला आणि १९२५ च्या आंतरराष्ट्रीय करारात अफू आणि कोकेनच्या जोडीला भारतीय भांगही आली. एका देशाच्या इस्पितळातील कारणाचा रकाना अशा रीतीने जगभरच्या कायद्याचा पाया बनू शकतो, हे या प्रसंगातून दिसते.

२०/ या सगळ्या काळात दारूकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहिले जात होते. ब्रिटिश डॉक्टर थॉमस सटन यांनी १८१३ मध्येच दारुड्यांना होणाऱ्या कंप आणि भ्रमाच्या विकाराला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिले होते. मुरलेल्या व्यसनीची दारू अचानक तुटली की काही जणांत तो उद्भवतो आणि उपचार न झाल्यास जीवही घेतो. त्याखेरीज शुद्धीवर असतानाच आवाज ऐकू येण्याचा विकारही दारूतून होतो. फिनलंडमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूवर अवलंबून असणाऱ्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांना आयुष्यात कधीतरी असा चित्तभ्रम, म्हणजे सायकोसिस, झाल्याचे आढळले.

२१/ विसाव्या शतकात उत्तेजक द्रव्यांनी या प्रश्नात भर घातली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये मेथॲम्फेटामिनच्या गोळ्या आणि इंजेक्शने बाजारात पसरली. १९५१ मध्ये कायदा करावा लागला आणि १९५४ या एका वर्षात ५५ हजारांवर माणसांना अटक झाली. लंडनच्या फिलिप कॉनेल यांनी १९५८ मध्ये ॲम्फेटामिनजन्य चित्तभ्रमाचे ४२ रुग्ण वर्णिले. कोणीतरी पाठलाग करते आहे, कट रचते आहे, ही त्यांची खात्री स्किझोफ्रेनियाच्या रुग्णासारखीच होती. द्रव्य शरीरातून निघून गेल्यावर बहुतेकांची ती ओसरली.

२२/ आयोगाच्या हातून सुटलेल्या दुसऱ्या प्रश्नाला हात घातला तो स्वीडनने. तिथे १९६९-७० मध्ये सक्तीच्या लष्करी सेवेसाठी आलेल्या तरुणांची माहिती नोंदलेली होती. त्यांतील ४५,५७० जणांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन १९८७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेवेपूर्वी ५० हून अधिक वेळा गांजा किंवा चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होते. आधीपासूनचे मानसिक त्रास आणि कौटुंबिक परिस्थिती हिशेबात घेतल्यावर ते अडीचपटीच्या आत आले.

२३/ १८९३ च्या तपासाची छाया येथे स्पष्ट दिसते : इतर कारणे वेगळी काढली की आकडा उतरतो, पण शून्य होत नाही. आणि त्याच स्वीडिश पाहणीत सर्वाधिक सेवन करणाऱ्यांपैकीही स्किझोफ्रेनिया झालेले सुमारे ३ टक्केच होते. बाकीच्या ९७ टक्क्यांना तो झाला नाही. ‘सहापट’ आणि ‘शंभरात तीन’ हे दोन्ही आकडे खरे आहेत. त्यांतला एकच सांगणारा माणूस भीती तरी विकत असतो किंवा बेफिकिरी तरी.

२४/ २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझील येथील ११ ठिकाणांच्या अभ्यासात चित्तभ्रमाचा पहिलाच झटका आलेले ९०१ रुग्ण आणि १,२३७ इतर नागरिक यांची तुलना झाली. रोज गांजा घेणाऱ्यांत अशा झटक्याची शक्यता कधीही न घेणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट, आणि रोज तीव्र प्रतीचा माल घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट आढळली. म्हणजे किती वेळा, किती तीव्र आणि कोणत्या वयापासून, यांवर उत्तर बदलते. मर्यादित सेवन आणि अतिसेवन यांत आयोगाने केलेला भेद आता मोजमापासह पुढे आला आहे.

२५/ २०२० मध्ये अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून आणखी एक गोष्ट मांडली गेली. ज्यांना नशेमुळे चित्तभ्रम झाल्याचे निदान झाले, त्यांच्यापैकी सुमारे २५ टक्क्यांना पुढे स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. गांज्यामुळे झटका आलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के, ॲम्फेटामिनमुळे २२ आणि दारूमुळे १० टक्क्यांच्या आसपास. हे आकडे गांजा ओढणाऱ्या सर्वांचे नव्हेत. एकदा चित्तभ्रम होऊन डॉक्टरांपर्यंत पोचलेल्यांचे आहेत. हा फरक सुटला की बातमीचा मथळा खोटा ठरतो.

२६/ भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी घातली. पानांची भांग त्या व्याख्येबाहेर राहिली. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि सुमारे २.८ टक्क्यांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेला असतो. चिंतेचा विषय व्हावा इतकी ही संख्या मोठी आहे, आणि त्यांतील बहुतेकांना चित्तभ्रम होत नाही हेही तितकेच खरे.

२७/ मग या जुन्या अहवालाचे आज मोल काय? घरातला तरुण एकाएकी संशयी झाला, स्वतःशी बोलू लागला, झोप उडाली, तर कुटुंब अजूनही तोच रकाना भरते : नशा. कधी ते बरोबर असते. पण नशा थांबून महिना उलटला तरी भ्रम कायम राहिले, तर डॉक्टर दुसऱ्या आजाराचा विचार करतात. ‘नशेखोर आहे, सुटली की सुधारेल’ म्हणून वाट पाहण्यात जे महिने जातात, ते स्किझोफ्रेनियाच्या उपचारातील सर्वांत मोलाचे महिने असतात.

२८/ उलट चूकही तेवढीच महाग पडते. ज्याच्या घराण्यात हा आजार आहे, जो कोवळ्या वयात रोज तीव्र माल ओढतो, त्याला ‘गांज्याने काही होत नाही, इंग्रजांच्या आयोगानेही तेच म्हटले’ असे सांगणे म्हणजे अहवालाचे अर्धेच पान वाचणे. १८९२ च्या २२२ नोंदींतील १२४ टिकल्या नाहीत, म्हणून आयोग कौतुकास पात्र ठरतो. पण तपासाअंती ज्यांचे आयुष्य केवळ नशेनेच उद्ध्वस्त झाल्याचे दिसले, अशी ६१ माणसे शेवटपर्यंत त्या यादीत राहिली, हेही त्याच आयोगाने लिहून ठेवले आहे.